सभापतींच्या खुर्चीत कोणी नव्हतं तेव्हा

इथे दक्षिण गोलार्धात हिवाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट लागला की, हॅरिस पार्कच्या स्टेशनाबाहेरचं वॅटलचं झाड पिवळंधमक होतं. आपल्या बाभळीच्याच जातीचं झाड ते. तशीच बारीक गोल फुलं, बोटांना पिवळी भुकटी लावणारी. फक्त काटे नाहीत. थंडी अजून सरलेली नसते, ट्रेनची वाट बघताना तोंडातून वाफ निघते, आणि त्या थंडीतच हे झाड कोणाला न विचारता फुलून मोकळं होतं. इथल्या लोकांना तो वसंताचा सांगावा वाटतो. मला मात्र तो मधट वास आला की हात आपोआप जॅकेटच्या खिशात जातो, मास्क शोधायला.

आता खिशात मास्क नसतो. स्टेशनवर पोलीस नसतात. मिठाईच्या दुकानाबाहेर लोक खेटून उभे असतात, एकमेकांच्या अंगावर खोकतातही. तरी काल पहिला बहर दिसला आणि मला तो हिवाळा आठवला.

त्या हिवाळ्यात सगळं शहर बंद होतं, पण आमचा पश्चिमेचा भाग जरा जास्तच बंद होता. आमच्या डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. रोज सकाळी अकरा वाजता टीव्हीवर आकडे सांगायचे आणि आमच्या उपनगरांची नावं वाचून दाखवायचे, वर्गातल्या उनाड मुलांची वाचतात तशी. कामासाठी भागाबाहेर जायचं तर परमिट लागे, आणि दर तीन दिवसांनी नाकात ती काडी घालून घ्यावी लागे. माझा नवरा मिलिंद वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आमच्यासारख्या हजारोंच्या काड्या त्याच्याच लॅबमध्ये जायच्या. शिफ्टवरून आला की तो बाल्कनीत कपडे बदलायचा आणि अंघोळ होईपर्यंत ओवीला जवळ येऊ द्यायचा नाही. ओवी तेव्हा सात वर्षांची. काचेच्या दाराला नाक लावून ती म्हणायची, "बाबा, आर यू क्लीन येट?"

मी राज्याच्या विधिमंडळात, वरच्या सभागृहाच्या सचिवालयात काम करते. महाराष्ट्रात विधानपरिषद आहे, तसंच हे. कायद्याचं पुढचं शिकायला म्हणून आले, कायम राहायची परवानगी, पीआर, मिळाली आणि फिरत फिरत या नोकरीला लागले. माझं काम नियमांचं. सभागृहात कोणी अडचणीचा प्रश्न काढला की मागच्या खोलीत आम्ही जुने दाखले धुंडाळतो आणि उत्तर पुढे सरकवतो. पुढे टेबलापाशी बसणारे वेगळे. मी मागच्या खोलीतली.

खुर्ची रिकामी राहू नये म्हणून आमच्या सभागृहात पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत. सभापती आजारी असले तर उपसभापती बसतात. तेही नसले तर तालिकेवरचा, म्हणजे बदली बसणाऱ्यांच्या यादीतला, कोणी सदस्य. पण हे सगळं सभापती गैरहजर असताना. त्यांनी राजीनामा दिला की चित्र बदलतं. पदच रिकामं, तर उपसभापतींनी बसायचं कोणाच्या जागी? अशा वेळी नवा सभापती निवडल्याशिवाय सभागृहाला दुसरं कोणतंही काम हाती घेता येत नाही. आणि निवड होईपर्यंत रिकाम्या खुर्चीसमोरच्या टेबलापाशी सचिव उभा राहतो. त्याला मत नाही, कोण बरोबर कोण चूक हे ठरवण्याचा अधिकार नाही. ज्याची बोलायची पाळी त्याच्याकडे हात करायचा, नियम वाचायचा आणि मतदान घ्यायचं. बस.

त्या वेळी आमचे सभापती होते ॲलन. उंच, वाकलेले, बोलण्यात हळू. गोंधळ झाला की ते आवाज चढवण्याऐवजी खाली आणायचे, आणि ऐकू यावं म्हणून लोकांना गप्प बसावं लागायचं. जुलैमध्ये त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. कोविड नव्हता, पण हॉस्पिटलं कोविडनं भरलेली, त्यामुळे भेटायला कोणी जाऊ शकलं नाही. उपसभापती रोझ त्यांचं काम बघत होत्या. मग डॉक्टरांनी ॲलनना दुसऱ्या ऑपरेशनचं सांगितलं. बिछान्यात पडून पद अडवून ठेवणं बरं नाही असं त्यांना वाटलं आणि त्यांनी राजीनामा पाठवून दिला. सभागृह भरायच्या आदल्या दिवशी.

"त्याला वाटलं, आपण नीटच करतोय," आमची सचिव हेलन मला फोनवर म्हणाली. हेलनच्या केसांत मी तिच्याकडे कामाला लागल्यापासून काळं काही पाहिलेलं नाही, आणि तिला चिडलेलं तर कधीच नाही. त्या दिवशी ती दमलेली वाटली. "पण उद्या एकच दिवस आपण बसतोय, वैशाली. आणि उद्याच ते भाडेकरूंचं बिल आहे."

ते बिल मला पाठ होतं. लॉकडाऊनमध्ये काम गेलेल्या भाडेकरूला घराबाहेर काढता येणार नाही, असा कायदा होता आणि त्याची मुदत उद्या संपत होती. ती वाढवायला खालच्या सभागृहानं होकार दिला होता, आमचा बाकी होता. दूर गावाकडचे सदस्य खास परवानगी काढून एका दिवसासाठी आले होते. पुन्हा त्यांना कधी जमवता येईल, कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे आधी सभापती निवडायचे, मगच बिल.

आमच्या खालच्या मजल्यावर प्राजक्ता राहायची. सोलापूरची, युनिव्हर्सिटीत शिकणारी, तीन मैत्रिणींबरोबर एका लहान फ्लॅटमध्ये. संध्याकाळी ती जिथे काम करायची ते रेस्टॉरंट बंद पडलं होतं आणि घराचा एजंट फोनवर फोन करत होता. मी त्या सकाळी निघाले तेव्हा ती जिन्यात उभी होती. मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते, रात्रभर न झोपलेले.

"ताई, आज होईल ना ते?"

"होईल," मी म्हटलं. असं म्हणायचा मला काही अधिकार नव्हता. सरकारी माणसानं आधी निकाल सांगू नये. पण जिन्यात तिच्याशी मी दुसरं काय बोलणार होते.

ट्रेनमध्ये डब्यात मी एकटी. माझ्या टेस्टचा निकाल अजून आलेला नव्हता, आणि तो आल्याशिवाय मला इमारतीत पाऊल ठेवता येणार नव्हतं. मिलिंदला विचारण्यात अर्थ नव्हता. तो लॅबमध्ये असला तरी कोणाचा नमुना कुठे आहे हे त्याला दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी तो सांगणारा नाही. स्टेशनं मागे पडत होती. शहर जवळ येत होतं. फोन हातात धरून धरून गरम झाला. शेवटी बोगद्यात शिरायच्या जरा आधी मेसेज आला. निगेटिव्ह. मी तो तीनदा वाचला.

माझं काम त्या दिवशीही मागच्या खोलीतलंच होतं. उपसचिव घरी अडकला होता, त्याच्या मुलीच्या शाळेत केस निघाली होती. म्हणून टेबलापाशी हेलन एकटी बसणार होती आणि मी मागून कागद पुरवणार होते. हेलननं काळा गाऊन चढवला होता. निवडणूक कशी घ्यायची याची उजळणी आम्ही चालवली होती. एकच नाव आलं तर प्रश्न नाही. दोन आली तर गुप्त मतदान. समसमान पडली तर पुन्हा मतदान. तरीही समान, तर चिठ्ठी.

"चिठ्ठीची वेळ कधीच येत नाही," हेलन म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती ऐकत राहिली. "हो. हो, रविवारी. हो, आत बसले नव्हते, कॉफी घेऊन निघाले." मग, "समजलं. लगेच."

तिनं फोन ठेवला आणि आधी दोन पावलं मागे सरकली. माझ्यापासून लांब. त्या दोन पावलांवरूनच मला सगळं कळलं.

"आरोग्य खात्याचा होता," ती म्हणाली. "मी गेले ते कॉफीचं दुकान बाधित माणूस येऊन गेलेल्या जागांच्या यादीत आलंय. मला आत्ता घरी जायला हवं."

"मग सभागृह?"

तिनं गाऊन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मला देऊ केला नाही. तो आता कोणी घालायचा नव्हता. "सचिव नसेल तर उपसचिव," ती म्हणाली. "तो नसेल तर हजर असलेल्यांतला सगळ्यात वरिष्ठ अधिकारी. आज हजर कोण आहे?"

मी मागे वळून बघितलं. खोलीत कोणीच नव्हतं.

भीती म्हणजे काय ते मला त्या वर्षी बरंच कळलं होतं. नागपूरच्या नातेवाइकांकडून रात्रीअपरात्री येणाऱ्या फोनची भीती, मिलिंदच्या साध्या शिंकेची भीती. ही भीती निराळी होती. हिच्यात डोकं मात्र लख्ख झालं. हेलन दारातून म्हणाली, "तुला काही ठरवायचं नाहीये. कोणी कितीही ओढलं तरी तू काही ठरवू नकोस. फक्त नियम वाच." आणि ती मागच्या जिन्यानं, कोणाशी गाठ पडू नये म्हणून, निघून गेली.

घंटा वाजली. मी आत गेले.

लाल गाद्यांचं ते सभागृह मी हजार वेळा बघितलं असेल, पण कडेच्या दारातून. टेबलापाशी उभं राहिल्यावर ते दुसरंच दिसतं. दोन्ही बाजूंचे पक्ष ठरवून सारख्याच संख्येनं माणसं घेऊन आले होते, गर्दी नको म्हणून. एक सोडून एक जागेवर बसलेली, मास्क लावलेली. चेहरे नाहीतच, नुसते डोळे, आणि ते सगळे माझ्यावर. माझ्या पाठीमागे ती खुर्ची. तिच्यात कोणी नव्हतं.

मी राजीनामा वाचून दाखवला. सचिव का नाहीत ते सांगितलं. माझा आवाज मास्कमध्ये अडकत होता. सभापतीपद रिकामं आहे, नावं सुचवावीत, एवढं म्हणायचं बाकी होतं तर उजवीकडून एक जण उठला.

तो डग होता. विरोधी बाजूचा, मेंढ्यांच्या मुलखातला म्हातारा शेतकरी, नियमांचा कीस काढण्याबद्दल नावाजलेला. हरकतीचा मुद्दा त्यानं काढला की आमच्या मागच्या खोलीत सगळे कपाळाला हात लावायचे.

"खुर्चीत कोणी नाही, म्हणून मी टेबलाकडे बघून विचारतो," तो सावकाश म्हणाला. "ही जी अधिकारी उभी आहे, ती सचिव नाही. उपसचिव नाही. हे काम करायचा अधिकार तिला कुठून मिळाला?"

कोणीतरी पलीकडून "शेम" म्हटलं. मनात काय काय येऊन गेलं ते आज लिहायला हरकत नाही. पश्चिमेची आहे म्हणून? रंगावरून? माझे उच्चार ऐकून? हरकतीच्या मुद्द्यावर निर्णय द्यायला सभापती लागतो, आणि सभापती तर नव्हताच. मी होते, आणि मला निर्णय देता येत नव्हता. त्यानं प्रश्न अशा जागी टाकला होता की उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हतंच.

फक्त नियम वाच.

मी पुस्तक उघडलं. पान सापडेना. पानं चिकटत होती. मग सापडलं. सचिवाच्या गैरहजेरीत उपसचिव, त्याच्या गैरहजेरीत हजर असलेला वरिष्ठ अधिकारी, आणि त्याला सचिवाचे सगळे अधिकार. मी ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकही शब्द माझा न घालता, आणि थांबले.

डग अजून उभाच होता. "त्या अधिकाऱ्याचं नाव नोंदीत यावं," तो म्हणाला.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. त्या भिंतींनी ते पहिल्यांदाच ऐकलं असेल.

"थँक यू," डग म्हणाला. "आज इथे जो कोणी निवडून येईल, त्याची निवड पोकळ होती असं उद्या कोर्टात जाऊन कोणी म्हणायला नको. आज केलेला कायदाही त्याच्याबरोबर कोसळायला नको. आता नोंद झाली. माझी काहीच हरकत नाही." आणि तो खाली बसला.

मला अडवतोय असं वाटलेला माणूस माझ्या पायाखाली फळी सरकवत होता, आणि मला ते कळलंही नव्हतं.

दोन नावं आली. रोझ, आणि स्वतः डग. सरकारच्या बाजूला रोझ हवी होती, समोरच्यांना डग. एकेक सदस्य हात सॅनिटाइझ करून पुढे यायचा, आपल्याच पेननं नाव लिहायचा, लाकडी पेटीत कागद टाकायचा आणि पाठमोरा होऊन लांब जायचा. दोन्ही बाजूंच्या एकेका माणसानं मतं मोजली. समसमान. पुन्हा मतदान झालं. पुन्हा समसमान. घड्याळाकडे बघणाऱ्यांची चुळबुळ वाढली. बिल अजून टेबलावर तसंच पडलेलं.

कधीच न येणारी चिठ्ठीची वेळ आली.

वर्ध्याजवळच्या आमच्या गावात एकदा सरपंचाच्या निवडणुकीत अशीच बरोबरी झाली होती. मी दुसरीत होते. चिठ्ठी लहान लेकरानं काढायची असते, म्हणून ग्रामपंचायतीच्या कचेरीसमोर खेळत असलेल्या मला आत बोलावलं. स्टीलच्या डब्यात दोन घड्या. मी एक उचलली. ती बाबांच्या मित्राची नव्हती, दुसऱ्याची निघाली. गुलाल उडाला, आणि माझ्या कानाशी कोणीतरी म्हणालं, "पोरीच्या हाताला यश नाही." मी रडत घरी आले. बाबा अंगणात बसले होते. "काहून रडतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "चिठ्ठीनं कोणी हरत नाही न् कोणी जिंकत नाही, माय. अडलेलं गाडं पुढं जाते फक्त." बाबा तेव्हा पडलेल्या आवाजात बोलले होते, त्यांनाही वाईट वाटलंच होतं. पण दुसऱ्या दिवशी ते नव्या सरपंचाकडे चहाला गेले, मला बोटाशी धरून.

इथे स्टीलचा डबा नव्हता. तीच लाकडी पेटी रिकामी करून उलटी दाखवली. दोन सारखे कागद, सारख्या घड्या. ज्याचं नाव निघेल तो सभापती. मी हात आत घातला. पेटीच्या तळाचं लाकूड गार लागलं. बोटाला एक कागद लागला, मग दुसरा. मला प्राजक्ताचे डोळे आठवले, आणि लगेच मी ते बाजूला सारले, कारण बिलाला दोघांचाही पाठिंबा होता आणि कोणीही आलं तरी चालणार होतं. न चालण्यासारखं एवढंच होतं की कोणीच येऊ नये. मी पहिला लागला तोच कागद बाहेर काढला, उघडला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

रोझ.

नव्या सभापतीला हाताला धरून, जरा ओढतच खुर्चीपर्यंत न्यायची जुनी रीत आहे. कोणे एके काळी सभापती होणं जिवावर बेतायचं म्हणे, राजाला न रुचणारा निरोप त्यालाच न्यावा लागे, म्हणून माणूस आपण होऊन जायचा नाही. त्या दिवशी कोणी कोणाला हात लावू शकत नव्हतं. रोझ उठल्या आणि मधल्या वाटेनं एकट्या चालायला लागल्या. मग डग उठला आणि हात पाठीमागे बांधून, दोन माणसांचं अंतर राखून, त्यांच्या बाजूनं चालत राहिला. पायऱ्यांशी तो थांबला, मान लववली आणि आपल्या जागी परतला. रोझ खुर्चीत बसल्या. मी टेबलापाशी खाली बसले.

बिल दुपारी मंजूर झालं. विरोधात कोणी बोललं नाही. हेलनची टेस्ट निगेटिव्ह आली, पण तिला तिचे दिवस घरी काढावेच लागले. घरी पोचले तर जिन्यात प्राजक्ता नव्हती, दाराला डबा टांगलेला होता, त्यात शेंगाचटणी. ओवी म्हणाली, "आई, यू वेअर ऑन द लॅपटॉप. यू लुक्ड सो स्केअर्ड." मिलिंदनं तिला दटावलं. मी म्हटलं, राहू दे, खरं आहे ते.

पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या फोनवर ॲलनचा आवाज आला. आधीच हळू बोलणारा माणूस, आता तर शब्दाशब्दाला दम खात होता. त्यांनी हॉस्पिटलमधून फोनवर सगळं पाहिलं होतं. माझ्यामुळे तुला फार त्रास झाला, म्हणाले. मी नाही म्हटलं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "इतकी वर्षं मी त्या खुर्चीत बसलो. ती रिकामी असताना मी तिच्याकडे कधी बघितलंच नाही. कशी दिसते?"

त्या दिवशी रोझ चालत येत होत्या तेव्हा मी वळून बघितलं होतं, तेवढंच. खूप मोठी दिसते, असं काहीतरी सांगायचं मनात आलं, पण ते खरं नव्हतं.

"साधीच दिसते, मिस्टर प्रेसिडेंट," मी म्हटलं. इथे सभापतींना असंच म्हणतात. आता ते सभापती नव्हते, पण दुसरं काही तोंडात बसेना. "पाठ उंच आहे. गादी एका बाजूला दबलीय. आणि खुर्चीच्या डाव्या हाताचं पॉलिश उडालंय, पुढच्या टोकाला, तळव्याएवढं."

ते हसले. हसताना त्यांना खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत मी फोन कानाशी धरून बसले.

"गोंधळ झाला की मी ते धरून बसायचो," ते म्हणाले. "आवाज चढू नये म्हणून."